मेहरूणचा समुद्र

मेहरूण, जळगाव
बुधवार, २१ जून १९९५

ती. अभिमन भाऊस,

कोकिळेचा नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील, वहिनीचे पापड-कुरडया आटोपल्या असतील आणि किरण वेळेवर दुकानात जात असेल, असं धरून चालते. इकडे अजून पाऊस नाही. तलाव इतका आटलाय की मधल्या गाळातून म्हशी चालत पलीकडे जातात. शाळा सुरू झाली. यंदा मला नववीचं शास्त्र दिलं आहे.

रविवारच्या साखरपुड्यासाठी योगिताला केव्हा पाठवतेस, असं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस. त्याचं उत्तर याच पत्रात आहे. खाली तू थट्टेने विचारलं होतंस, "तुमच्या समुद्रातले मासे जिवंत आहेत की तळून झाले?" आधी त्याबद्दल लिहिते.

जिवंत आहेत.

बीएस्सी होऊन घरी बसलेली तुझी मुलगी दिवाळीनंतर तू माझ्याकडे आणून सोडलीस. मीच मागितली होती. एकटी असते, लग्नापर्यंत सोबत होईल, चार पदार्थ शिकेल, असं मी म्हणाले आणि तुला ते पटलं. पदार्थ फारसे झाले नाहीत. ती आल्यावर आठवड्याभरातच मी गावातल्या काचवाल्याकडे माशांसाठी काचेची पेटी करायला टाकली. त्याने आजवर गोड्या पाण्याच्याच केल्या होत्या. पहिल्यांदा साधं पाणी भरून पाहिलं तर कोपऱ्यातून धार लागली आणि बाहेरची खोली भिजली. योगिताने सगळा सांधा पात्याने खरवडून काढायला लावला, पुन्हा भरून घेतला, आणि तो नीट वाळेपर्यंत काचवाल्यालाही हात लावू दिला नाही.

समुद्राचं पाणी रहीमभाईंनी आणलं. त्यांचा ट्रक असोद्याहून मुंबईला केळी घेऊन जातो आणि येताना पुष्कळदा रिकामा असतो. किनाऱ्याचं पाणी घाण, म्हणून त्यांनी कोळ्यांना नवे कॅन दिले आणि होडीतून आत जाऊन भरून आणायला सांगितलं. पहिला कॅन उघडला तेव्हा शेजारच्या ताईबाईंनी बोट बुडवून चाटलं. "खरंच खारं शे वं माय," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली चव घेऊन गेली.

तापीची वाळू चालत नाही, शिंपल्यांचा चुरा लागतो. चुरा खरा शिंपल्यांचाच आहे ना, म्हणून योगिता त्यावर लिंबू पिळून फेस येतो का ते पाहायची. त्याच ट्रकने ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले प्रवाळाचे दगड आले. त्यांना असा वास होता की आम्ही दोघी ओसरीत जेवलो. ती लगेच मासे आणायला निघाली होती. मी थांबवलं. दगडातलं मेलेलं सडतं, त्याचं पाण्यात विष होतं, आणि ते विष खाणारे जंतू दगडात वस्तीला येईपर्यंत नुसतं बसून राहावं लागतं. आम्ही बसून राहिलो. काचेवर तपकिरी शेवाळ चढलं, उतरलं. दगडांवर जांभळा थर धरला. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असताना तिने हाक मारली. मी गेले तर माझा हात धरून तिने मला पेटीपुढे नेलं. दगडावर ज्या बटणाएवढ्या मळकट गाठी होत्या त्या उघडल्या होत्या. प्रत्येकीला हिरवी झालर, आणि सगळ्या झालरी पंपाच्या पाण्यात डोलत होत्या.

मग एक समुद्रफूल आलं, फुलासारखा दिसणारा जिवंत प्राणी, आणि त्याच्या हातांमध्ये राहणारे दोन नारिंगी मासे. मार्चमध्ये तू अमळनेरच्या तोताराम पाटलांना, त्यांच्या बायकोला आणि मुलाला घेऊन आलास ते तेव्हाच. तुला अभिमान वाटला होता. "आमच्या पोरीनं केलं," असं तू सगळ्यांना सांगत होतास. तोतारामजींनी विचारलं, यात मीठ किती टाकता. योगिता बाह्या वर करून कोपरापर्यंत पाण्यात होती, दगड सरकवत होती. पाटलीणबाई तिच्या हातांकडे पाहत म्हणाल्या, "लग्नानंतर असले खेळ आमच्याकडे नाहीत." तू हसलास. म्हणालास, "हौस शे तिची, जाई निंघी."

तू चहा पीत होतास. मी तुझ्या मुलीकडे पाहत होते. तिने हात पाण्यातून बाहेर काढले नाहीत.

ते लोक गेल्यावर तिने तुला विचारलं की मला पुढे समुद्रजीवशास्त्र शिकायचं आहे, कारवारला एमएस्सी होतं, एकदा अर्ज तरी करू का. तू काय म्हणालास ते तुला आठवत नसेल. मला आठवतं, कारण मी ते दुसऱ्यांदा ऐकत होते. "आठे पेवाले पानी नही, अन तुले समुद्र जोयजे?"

प्यायला पाणी नाही तिथे समुद्र कसला, हेच पहिल्यांदा तू मला म्हणाला होतास, आपल्या ओट्यावर, मुंबईला शिकायला जाते म्हणाले तेव्हा. आबा खाटेवर बसलेले होते. बाप असूनही तुझ्यापुढे त्यांचं काही चाललं नाही. महिन्याभरात माझं चाळीसगावला ठरलं. मी हिलालच्या घरी आणि हिलालची बहीण तुझ्या घरी. साटंलोटं. एका मांडवात दोन्ही लग्नं. लोक म्हणाले, अभिमनने बहिणीचं भलं केलं आणि स्वतःचंही.

भाऊ, हे मी आजवर तुला बोलले नाही, तर आता लिहिते.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत आम्ही दोघं चाळीसगाव स्टेशनचा पूल चढत होतो. हे अर्ध्यात थांबले आणि कठडा धरून उभे राहिले. ओठ निळसर झाले होते. मी नवी नवरी, मी हसून म्हणाले, एवढ्यात दमलात? ते माझ्याकडे पाहत राहिले. मग विचारलं, "तुझ्या भावाला मी स्वतः सगळं सांगितलं होतं. त्याने तुला नाही सांगितलं?"

मी म्हणाले, काय?

तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गर्दीत, त्यांनी सांगितलं. लहानपणच्या तापाने हृदयाची झडप गेलेली आहे, डॉक्टरांनी फार भरवसा दिलेला नाही. त्यांच्या घरच्यांनी तुझ्यापासून लपवलं नव्हतं. तू त्यांना म्हणाला होतास, कोकिळेला मी समजावतो, तिची काही हरकत नाही. हे सांगून झाल्यावर त्यांनी मान खाली घातली. आम्ही गेलो नाही पलीकडे. परत फिरलो.

ते चांगले होते. तुला हे कळावं म्हणून लिहिते, कारण तू त्यांच्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाहीस. पुढच्या पोळ्याच्या आधी ते गेले. तेराव्याला तू माझ्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणालास, "नशीब तिचं." मी गप्प राहिले आणि तू नातेवाइकांना सांगितलंस, कोकिळा फार समजूतदार. मी बीएड केलं, नोकरी धरली, तुझ्या घरी दर राखीला आले. ती सगळी वर्षं मी समजूतदार नव्हते. मला फक्त तुला कुठे लागेल ते ठाऊक नव्हतं.

ते तूच मला दाखवलंस. दिवाळीत आलास आणि खुशीत सांगितलंस की योगिताचं अमळनेरला जमतंय आणि तिकडची मुलगी किरणला येते. पुन्हा तेच. मी तुला आणखी एक चकली वाढली आणि म्हणाले, तोवर पोरीला माझ्याकडे ठेव.

आता नीट वाच. ती पेटी मी हौसेने केली नाही. तिला लहानपणापासून पाण्यातल्या जिवांचं वेड आहे हे मला माहीत होतं, तुला नव्हतं. मी तिच्यासमोर समुद्र मांडून ठेवला. अर्ज मी आणला, पत्ता माझा घातला. आत्याने मायेपोटी केलं असं लोक म्हणतील, तू तसं समजू नकोस.

एकदा मात्र मलाच थांबावं लागलं. मे महिन्यात इथे कसं तापतं ते तुला सांगायला नको. आम्ही पाण्यावर टेबलफॅन लावला, ओली पोती टांगली, स्टीलच्या डब्यात बर्फ घालून तो पाण्यावर तरंगत ठेवला. पाणी उडून जातं पण मीठ उडत नाही, म्हणून शाळेतला घनतामापी आणून सारखं मोजायचं आणि गोडं पाणी घालायचं. अशात एक दिवस सकाळी वीज गेली ती दुपार उलटली तरी आली नाही. हवेचा पंप आम्ही स्कूटरच्या बॅटरीवर चालवला, पण पाणी कोमट झालं. समुद्रफूल विरघळायला लागलं. अक्षरशः विरघळतं ते, साबणासारखं. योगिताने ते ओंजळीत घेऊन बाहेर काढलं, नाहीतर त्याने बाकीचे मारले असते. हात धुतले आणि मोरीतच खाली बसली.

"आत्या, इथे नाही टिकणार समुद्र," ती म्हणाली. "आपण उगाच करतोय. मी बाबांचं ऐकते."

खरं सांगते भाऊ, त्या वेळी तिला जवळ घेऊन ठीक आहे म्हणता आलं असतं. पोर थकली होती. अमळनेरचा मुलगा तसा वाईट नाही, तिला धडधाकट नवरा मिळाला असता. मी तिच्याकडे पाहत होते आणि मला तुझा चेहरा दिसत होता, तेराव्याचा. मी म्हणाले, "बरोबर आहे, इथे नाही टिकणार. म्हणून तूच तिकडे जायचं." आणि मग मी तिला माझ्या लग्नाची गोष्ट सांगितली. पुलासकट. तिने सगळं ऐकून घेतलं. तुझ्याबद्दल ती काय म्हणाली ते मी लिहीत नाही. ते तिच्याकडून ऐक, ती सांगेल तेव्हा.

तर योगिता रविवारी येणार नाही. ती कारवारला आहे. मुलाखत झाली, प्रवेश मिळाला, वसतिगृहात खोलीही मिळाली. मी स्वतः पोचवून आले. तुला मी लिहिलं होतं ना, आम्ही शिर्डीला जातोय म्हणून, तेव्हाच. ती एकवीस वर्षांची आहे आणि प्रत्येक कागदावर तिनेच सही केली आहे. जाऊन आणीन म्हणशील तर जा. वसतिगृहाच्या बाई फार कडक आहेत, मी त्यांना भेटले आहे.

तिथे मी पहिल्यांदा समुद्र पाहिला. या वयात. पेटीत सहा महिने हात घालून बसले होते, पण तो असा कधी पाहिला नव्हता. योगिता चपला हातात घेऊन खडकांकडे पळाली, ओहोटीने उघडे पडलेले खळगे पाहायला. मी वाळूवर उभी होते. वाटलं होतं मला रडू येईल. आलं नाही. मला राग आला. हा एवढा होता आणि मला तो एका वाक्यात नाकारला होता. योगिता ओरडून काहीतरी दाखवत होती. मी हात हलवला, पण बराच वेळ मला जागचं हलता आलं नाही.

वहिनीला मी आधी कळवलं नाही. तिच्या भावाचा आजार तिला ठाऊक होता आणि तिनेही मला कळवलं नव्हतं. ती तेव्हा पोर होती हे मान्य. तरी एवढं तिला सोसू दे. योगिता तिला शेजारच्या दुकानातल्या फोनवर फोन करील. तेव्हा मध्ये येऊ नकोस.

आता रविवारचं. मुलीला कावीळ झाली, मुलगी परीक्षेला गेली, असं काही तरी सांगून तू वेळ मारून नेशील. तुला ते जमतं. म्हणून मी काल अमळनेरला जाऊन आले. तोतारामजींना भेटले नाही. पाटलीणबाईंना भेटले, त्यांच्या मुलीला शेजारी बसवून. हिलालचं सगळं सांगितलं. तुला काय ठाऊक होतं आणि मला काय सांगितलं गेलं, तेही. पाटलीणबाईंनी एकच विचारलं, किरणला काही आहे का? मी म्हणाले, मला माहीत असलेलं काही नाही, पण त्याच्या बापाला विचारून पाहा आणि मग त्याच्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवा. किरण चांगला मुलगा आहे. त्याला वाईट वाटेल आणि त्याचं मलाही वाटतं. पण मी शब्द मागे घेतला नाही.

ते लोक ठरल्याप्रमाणे रविवारी तुझ्याकडे येणार आहेत. पेढे आणणार नाहीत. तुला समोर बसवून विचारणार आहेत. हे पत्र शनिवारच्या डाकेने पोचेल अशा बेताने टाकते आहे. विचार करायला एक रात्र मिळेल. मला तेवढीही मिळाली नव्हती.

खोटं बोलावंसं वाटलं तर बोल. पाटलीणबाईंना खरं आधीच माहीत आहे, आणि त्या तुझ्या तोंडाकडे पाहत बसतील. त्यांच्या शेजारी किरण बसलेला असेल, वहिनी दारात उभी असेल. मी नसेन. मला यायची गरज उरलेली नाही.

यंदा राखी पाठवत नाही.

कै. हिलाल यांची बायको,
कोकिळा