तुझं खाद्य, माझं तळं

प्रिय धाकटे,

पत्र बघून कपाळाला आठ्या घालशील, घाल. मी तुला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. तुझं कौतुक करायला दुसरे पुष्कळ होते, त्यात माझी भर कशाला? बाबा तर होतेच. वीस वर्षं मी तळ्यांच्या चिखलात उभी आहे, जाळं ओढून ओढून खांदा कामातून गेलाय, पण घरी कुणी आलं की बाबांच्या तोंडी तूच. माझी धाकटी माशांच्या खाद्याचं शिकलीय हो. जसं काही मी माशांना इतकी वर्षं माती चारत होते.

मग तू पोती घेऊन आलीस. सोयाबीनची पेंड, वाटाण्याचं पीठ, आणखी कसली कसली भुकटी. मी घालते ती मासळीची पूड नावालाही नाही. माशांना शाकाहारी करणार का, असं मी सगळ्यांदेखत विचारलं. बाबांनी एक तळं तुला दिलं, एक मला. पाच महिन्यांनी जिचे मासे जड भरतील, तिचं खाद्य सगळ्या तळ्यांना. तिसऱ्या महिन्यात वजनं केली, तर तुझा मासा माझ्या माशापेक्षा पावशेरानं जास्त. बाबांनी शेजारच्या तळ्याच्या मालकाला मुद्दाम बोलावून तो दाखवला. माझा एकही मासा त्यांनी आजवर कुणाला दाखवला नव्हता. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

आता नीट वाच. तुझी पोती भराभर रिकामी व्हायला लागली, तेव्हा उंदीर लागले म्हणून तू मांजर आणलंस. तो उंदीर मीच. रोज तुझं खाद्य बादली बादली काढून माझ्या तळ्यात टाकत होते. माझी मासळीची पूड पोत्यातच पडून होती. शेवटी वजनं सारखी भरली. फरक नाही तर जुनंच बरं, म्हणाले बाबा. तू एका शब्दानं वाद न घालता बॅग भरलीस. तेही मला खुपलं. भांडली असतीस तर बरं वाटलं असतं.

उद्या बाबा पुढच्या हंगामासाठी मासळीच्या पुडीची गाडी मागवणार आहेत, म्हणून लिहायला बसले. हेच सगळं दुसऱ्या कागदावर लिहून त्यांच्या चष्म्याखाली ठेवलंय. ते तुला बोलावतील. ये. फक्त मला लगेच माफ करू नकोस. धाकटीचं मन किती मोठं, असं सगळे म्हणतील, आणि ते ऐकायची माझी अजून तयारी नाही.

तुझीच,
ताई