वरकस माळाचा अर्धा हिस्सा आणि त्यावरचा दावा

मी, आवडी दशरथ कराळे, वय एकाहत्तर, राहणार पोशीर, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर पुरत्या शुद्धीत आणि पुरत्या संशयाने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्यामागे आधी तोच मुद्दा निघेल.

१. राहतं घर मुलगा जगदीश याला. तो शेलूला ब्लॉकमध्ये राहतो, पण कौलं चाळायला दरवर्षी येतो, हे नाकारत नाही. पोस्टातली शिल्लक नात रिया हिच्या शिक्षणाला. तिच्या बापाने त्यात हात घालू नये.

२. फांद्या तोडायचा कोयताही जगदीशलाच. तो मी मुद्दाम बोथट ठेवला आहे. धार लागलेली दिसली तर माझी मुलगी समीक्षा हिने कारण विचारावं.

३. गावामागच्या वरकस, म्हणजे भात न होणाऱ्या, माळाचा अर्धा हिस्सा यजमानांनी हयातीतच माझ्या नावे केला. उरलेला अर्धा धाकटे दीर विठू यांचा. मधल्या हद्दीवरून दोघा भावांत दावा लागला तेव्हा माळ पार बोडका होता. भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायला राब लागतो, त्यासाठी आम्ही तिथल्या फांद्या ओरबाडून आणायचो. उरलेलं वणव्यात जायचं. दावा लागल्यावर मात्र एकाने फांदी तोडली की दुसऱ्याने तक्रार केलीच. शेवटी दोघांनी कोयता न्यायचं सोडलं. वणवा दिसला की दोघंही विझवायला धावायचे, समोरच्यानेच लावला असणार म्हणून.

त्या धाकात जंगल उठलं. कोणी लावलं नाही. ऐन-किंजळीच्या जुन्या खुंटांना फुटवे आले, जांभूळ-उंबर पाखरांनी आणले. संक्रांतीला आटणारी खालची विहीर आता वैशाखातही गावाला पाणी देते. पावसाच्या तोंडाला बायका भाजीची शेवळं तिथूनच काढतात. गेल्या वर्षी काही मंडळी रोपं लावायला आली. आधी झुडपं साफ करतो, म्हणाली. मी विचारलं, "झाडं काढून झाडं लावनार? कुनी सांगितलं रं?" फोटो न काढताच गेली.

४. यंदा जगदीश आणि विठू भावोजींचा मुलगा ऋषिकेश नेरळला एका टेबलावर भजी खाताना दिसले. लग्नाच्या पंक्तीत एकमेकांकडे पाठ करून बसणाऱ्यांना एकाएकी भावकीचा उमाळा? चौकशी केली. फार्महाऊसवाल्याला अख्खा माळ हवा आहे, अर्धा नको. मी तडक भावोजींच्या ओटीवर गेले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, "भावोजी, पोरं एक झाली हायत."

त्यांनी बसायला पाट सरकवला. मग म्हणाले, "वयनी, दावा मिटवू नका. मिटला का माळ गेला."

५. म्हणून माझा हिस्सा, त्यावरच्या दाव्यासह, समीक्षाला देते. ती भिसेगावात नांदते आणि भांडणात माझ्यावर गेली आहे. तिने तारखांना जावं, तडजोड करू नये. माळावर राब, वणवा, साफसफाई, रोपं, यातलं काही होऊ देऊ नये. ऋषिकेश गोड बोलू लागला तर जास्तच सावध राहावं.

मला त्या जंगलाचा फार लळा आहे. हे भावोजींना कळू द्यायचं नव्हतं, पण ते वाचल्याशिवाय सही करणार नाहीत. आता चष्मा पुसून आधीची पानं दुसऱ्यांदा वाचत आहेत. माझ्यावर अजून विश्वास नाही. तो तसाच नसू द्यावा.

ठिकाण: पोशीर
दिनांक: १४ मे २०२५

सही: आवडी दशरथ कराळे

साक्षीदार:
१. डॉ. सुचेता ओक, नेरळ
२. विठू धाकलू कराळे, पोशीर. नातं: दीर, आणि माझ्या दाव्यातील प्रतिवादी.