मधल्या दाराला तेल घालू नये

मी, आयुष्यभर घरच्या घरी एरंडेल काढून विकणारी बाई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझ्या धाकट्या जावेने दिला नसता, पण तिला कोणी विचारलेले नाही.

१. घराचा माझ्या वाट्याचा अर्धा भाग मुलाला द्यावा. उरलेला अर्धा जावेचा आहे. मध्ये एक दार आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

२. खलबत्ता, मोठे पातेले आणि पळी सुनेला. मुलाला मुळीच नाही, त्याला सगळ्याची घाई. एरंडीच्या बिया भाजून, कुटून, पाण्यात उकळल्या की तेल वर येते. ते पळीने काढून पुन्हा तापवायचे आणि कान देऊन बसायचे. तडतड थांबली की पाणी उडाले, तेल झाले. हे सुनेला ऐकू येते. मुलाला हाक मारलेलीही ऐकू येत नाही.

३. बँकेतली शिल्लक दोघांनी न भांडता वाटून घ्यावी. भांडायचेच असेल तर हळू भांडावे. भिंत पातळ आहे आणि पलीकडे जाऊ राहते.

४. भरलेल्या बाटल्या अशा वाटाव्यात. चांभाराला एक, कडक झालेले चामडे मऊ करायला. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंना एक, टाचांच्या भेगांसाठी. रात्री लावून वर मोजे घालावेत, म्हणजे चादरी खराब होणार नाहीत. बेकरीवाल्याला एकही देऊ नये. भुवया तुकतुकीत दिसतील एवढेच मी बोलले होते. टकलावर केस उगवतील हे त्याचे त्यानेच ठरवले आणि गावभर मला खोटे पाडले. पोट साफ होण्यासाठी कोणी मागितले तर आधी डॉक्टरांकडे धाडावे. आणि पूर्ण बाटली कोणाच्याही हाती एकदम देऊ नये. का, ते पुढच्या कलमात.

५. जाऊ. दिरांना बढती मिळाली तेव्हा तिने त्यांच्या साहेबांना सहकुटुंब जेवायला बोलावले आणि सगळे तळण माझ्या एरंडेलात तळले. तिच्या गोडेतेलाचा आणि माझ्या एरंडेलाचा डबा सारखाच होता. मी चिठ्ठी लावली नव्हती, कारण वासावरून कोणालाही कळते. तिचे नाक सर्दीने बंद होते. दुसऱ्या दिवशी साहेबांचे अख्खे ऑफिस साहेबांविना चालले. चूक कोणाची, याचा निकाल मी इथे लावणार नाही. चूक तिची होती. तेव्हापासून आमचा अबोला आहे.

तरीही रोज दुपारी, मी झोपले आहे असे समजून, ती मधल्या दाराने येते आणि गुडघ्यांना चोळायला वाटीभर तेल घेऊन जाते. गल्लीतल्या एकूणएक बिजागऱ्यांना मी फुकट एरंडेल घातले, त्या दाराला कधी घातले नाही. ते करकरले की मला बरे वाटते. मी डोळे मिटून पडून राहते. वाटीही मीच पुसून ठेवते.

हल्ली दार वाजत नाही. सून म्हणते, काकूंचे गुडघे फार धरलेत. माझाही आता भरवसा नाही. ती आली नाही आणि मी गेले, तर हा अबोला तसाच राहील. मला ते नको आहे.

६. वकीलबाई सांगतात, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून मी जावेला काहीही ठेवत नाही, एक थेंबसुद्धा नाही. साक्षीदार म्हणून तीच हवी. सही माझ्या खाटेपाशी, माझ्यासमोर करायची आहे.

ठिकाण: मधल्या दाराची खोली.
तारीख: वकीलबाईंनी घातली आहे.
लिहून ठेवणारी: थोरली जाऊ (सही)
साक्षीदार पहिले: डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरी: धाकटी जाऊ (सही)

ता. क. सुनेचा हात धरून आली. दार नेहमीपेक्षा जास्त करकरले. सही करण्याआधी तिने सगळे वाचले, पाचवे कलम दोनदा. मग म्हणाली, "जाऊबाई, साऱ्या गल्लीला तेल पाजलंत, या दाराला एक थेंब नाही उरला तुमच्याकडे?"

मी म्हटले, "घातलं असतं, तर तू आलीस हे मला कसं कळलं असतं?"

ती खाटेवर बसली. वाटीभर एरंडेल मी जिवंतपणी, माझ्या हाताने तिच्या गुडघ्यांना चोळले. त्याची नोंद मृत्युपत्रात लागत नाही, असे वकीलबाई म्हणतात. मी तरी केली आहे.