शालन म्हणून हाक

रविवार संध्याकाळ, वडवणी

आजही सासूबाईंनी मला शालन म्हणूनच हाक मारली. शालन माझी नणंद, पुण्याहून नाताळापुरती येते. न्हाऊ-खाऊ घालणारी मी, आणि तोंडात नाव तिचं. लई जळतं आतून. इथं तरी कशाला खोटं लिहू?

चर्चमधल्या उपासनेनंतर पाळकसाहेब प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर, घेऊन घरी आले. सासूबाईंना प्रभूची प्रार्थनासुद्धा आठवेना. मी घाबरून विचारलं, "साहेब, देवालाच विसरल्या तर यांच्या तारणाचं काय?"

ते म्हणाले, "त्या विसरल्या, तो न्हाई विसरला. धरणारा तो हाय. शेवटपर्यंत तोच नेतो."

त्यांनी भाकरीचा तुकडा पुढं केला, पण सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले. शेवटी साहेबांनी तुकडा माझ्या हातात दिला. माझी बोटं त्यांच्या ओठांना लागली आणि तोंड उघडलं. तुकडा गिळून म्हणाल्या, "शालन, तू हाईस म्हणून बरं हाय."

साहेब हसले. मला नाही हसू आलं.

भांडी घासताना वाटलं, देवाचंही असंच होत असेल का? धरून ठेवणारा तो, आणि ओठावर नाव दुसऱ्याचंच. तो कसा सोसतो कोण जाणे. मला तर उद्या सकाळी परत शालन व्हायचंय.