अकरावी जर्सी

भटवाडी, घाटकोपर
११ ऑगस्ट १९८७

प्रिय गुणाजी,

हा ‘प्रिय’ मी एकदा लिहिला, खोडला, कागद फाडला आणि दुसऱ्या कागदावर पुन्हा तोच लिहिला. गावाकडे सातवी पास झालेली मी, लग्न होऊन भटवाडीत आले तेव्हापासून अर्ध्या चाळीची पत्रं लिहीत आले. ज्या दिराचं तोंड बघायची इच्छा नसायची त्यालाही बायका माझ्याकडून ‘प्रिय’ लिहून घ्यायच्या आणि माझा हात कधी अडला नाही. आज स्वतःचं पत्र लिहायला बसले तर पहिल्याच शब्दाला अडला. माझ्या धाकूला तू मारलंस. त्याला आठ वर्षं झाली. तुला प्रिय म्हणावं असं आतून काही येत नाही, आणि दुसरं काही म्हणायला जावं तर तेही खोटं वाटतं. तेव्हा राहू दे आता.

पत्ता आपल्या फुटबॉल मंडळाच्या नानांनी दिला. दिंडोशीला प्रेमाकडे गेलास ते बरं केलंस, बहिणीच्या हातचे दोन घास तरी पोटात जातील. तुझ्या खोलीला कुलूप आहे. पावसाचं पाणी दाराखालून आत शिरत होतं म्हणून मी उंबऱ्याशी गोणपाट दाबून ठेवलंय. तुझी आई असती तर तिने तेच केलं असतं. शेवंती गेली तेव्हा तू आत होतास. तिला शेवटची आंघोळ घालायला चाळीतल्या तीनच बायका आल्या, त्यातली एक मी होते. हे तुला कोणी सांगितलं असेल की नाही, मला माहीत नाही. आमचे हे हल्ली मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन आहेत. संपात गिरणी गेली, पण बोलणं त्यांनी त्याच्या आधीच टाकलं होतं. धाकू गेल्यापासून त्यांनी त्याचं नाव घेतलेलं नाही. मी घेतलं तर म्हणतात, “तेचा नाव ह्या घरात काढू नको.” शेजारणी मला जपतात, म्हणून त्याही काढत नाहीत. सगळ्यांनी मिळून मला इतकं जपलंय की माझ्या मुलाविषयी बोलायला मला माणूस उरलं नाही.

मंडळाच्या जर्स्या मी किती वर्षं धुते ते तुला ठाऊक आहे. तेव्हा मंडळाकडे एकच निळा जोड होता आणि धोब्याकडे टाकला तर रविवारपर्यंत मिळायचा नाही. मीच म्हटलं, आणा इकडे. सामना संपला की गाठोडं माझ्या दारात. तुम्ही दोघं नळावरून बादल्या भरून द्यायचात आणि मी घासायला लागले की धाकूची कॉमेंटरी सुरू. ही गोलकीपरची, अजून कोरी, कारण साहेब चेंडूला घाबरतात. ही सेंटरची, पाठीला चिखल, म्हणजे ह्याने मॅच झोपून काढली. तू हसता हसता अर्धी बादली सांडायचास आणि माझ्या शिव्या खायचास. त्याची जीभ म्हणजे कातर होती. आपल्या बापाच्या घोरण्याचाही त्याने गिरणीचा भोंगा केला होता. ती जीभ त्याने माझीच उचलली होती, त्यामुळे मी कुठल्या तोंडाने ओरडणार? पण मुकाट्याने दहा पावलं चालेल तर तो धाकू कसला! हे एवढं लक्षात ठेव, पुढे मला त्यावर यायचंय.

आणि ती सळयांची रीत. ज्याच्या चुकीने मॅच गेली त्याने कॉर्नरच्या झेंड्यांच्या लोखंडी सळया खांद्यावर घेऊन मंडळापर्यंत यायचं आणि बाकीच्यांनी वाटभर त्याची टर उडवायची. कोणी काढली ही रीत देव जाणे. तुम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी त्या वाहिल्या. धाकूवर पाळी आली की तो दुसऱ्यांना बोलूच द्यायचा नाही, स्वतःच स्वतःची इतकी उडवायचा. त्या रविवारी पेनल्टी तू चुकवलीस आणि सळया तुझ्या खांद्यावर आल्या. बाकीची मुलं पुढे गेली होती, चढावर मागे तुम्ही दोघंच. त्यानंतरचं मला कोर्टात कळलं तेवढंच कळलं. एक सळई, एक फटका, कानाच्या वर. आणि मग तूच त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात पळालास.

तू सुटून आलास तेव्हा मंडळात केवढा वाद झाला. नाना अध्यक्ष, ते म्हणाले, “भोगून आलाय पोरगा, खेळू दे.” निम्मे म्हणाले, असला माणूस आपल्या जर्सीत नको. मग पहिल्याच मॅचला तू दोन गोल मारलेस आणि वाद मिटला. कोणाला काही पटलं म्हणून नाही रे, आपण जिंकायला लागलो म्हणून! जो पानवाला म्हणायचा की ह्याची सावली माझ्या पोरांवर पडायला नको, तोच त्या पोरांना खांद्यावर बसवून तुझा खेळ दाखवायला लागला. गोल मारलास की तू शिक्षा भोगून आलेला, चुकलास की खुनी. एकाच मॅचमध्ये तू दोनदा सुटायचास आणि दोनदा आत जायचास. मला हसू यायचं आणि त्याच वेळी ह्या माणसांची किळस यायची.

ते नावाचं मला पलीकडच्या चाळीतल्या शकूने सांगितलं. म्हणाली, “मैदानावर लोक धाकूचं नाव घेऊन ओरडतात गं, एकदा ये ना बघायला.” मला वाटलं, आठवण ठेवलीय लोकांनी. मी वेडी, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसले, शाळेमागच्या त्या मैदानाच्या कठड्याशी जाऊन उभी राहिले. चेंडू तुझ्या पायाशी आला आणि समोरचे विक्रोळीवाले एका सुरात सुरू झाले, “धाकू! धाकू! धाकू!” चेंडू तुझ्याकडून गेला की गप्प. पुन्हा आला की पुन्हा. मला समजायला वेळ लागला. ते माझ्या मुलाला हाक मारत नव्हते, तुला टोचायला त्यांनी त्याची सुई केली होती. त्यांच्यातल्या एकानेही धाकूला बघितलेलं नसेल. माझ्या शेजारी उभा असलेला एक मुलगा त्याच्या दोस्ताला सांगत होता की तो धाकू म्हणे अगदी देवमाणूस, कोणाला कधी वाकडा शब्द बोलला नाही. मला हसावं की रडावं कळेना.

तरी मी पुढच्या रविवारीही गेले. त्याच्या पुढच्यालाही. कारण गुणाजी, सगळ्या घाटकोपरात तेवढ्या एकाच जागी माझ्या मुलाचं नाव मोठ्याने घेतलं जात होतं. कसंही घेतलं, कोणीही घेतलं, कानावर तर पडत होतं. तू मला कठड्याशी बघायचास आणि मान खाली घालायचास. तू समजत असशील की मी तुझी फजिती बघायला येते. तशी काही मी देवी नाही, सुरुवातीला थोडं बरंही वाटायचं मला. नंतर नाही वाटलं.

तू परत आल्यापासून गाठोड्यात दहाच जर्स्या यायच्या. पहिल्या वेळी मला वाटलं कुठे तरी राहिली. मग समजलं, नानांनीच मुलांना बजावलं होतं की ह्याची काकींच्या हातात द्यायची नाही. मला वाईट वाटू नये म्हणून. आणि तू पहाटे सार्वजनिक नळावर बायका यायच्या आत तुझी एक जर्सी घासून जायचास. खिडकीतून मला दिसायचं. तुला पिळता येत नाही नीट, काखेत साबण राहायचा. दोन पावसाळे मी ते बघितलं आणि काही बोलले नाही.

परवाची सेमीफायनल. बरोबरी, वेळ संपत आलेली, आणि पेनल्टी तुझ्याकडे. विक्रोळीवाले ओरडणार हे धरलेलंच होतं. पण गोलामागे आपली माणसं उभी होती, भटवाडीची. गेल्या मॅचला तू एक सोपा गोल घालवला होतास, त्याचा राग त्यांच्या डोक्यात होता. सुरुवात त्यांच्यातूनच झाली. “धाकू! धाकू!” आपलीच पोरं, आपलाच पानवाला. तू चेंडू ठेवलास, मागे आलास, आणि उभा राहिलास. मला वाटलं आता मारशील. तू जर्सी डोक्यावरून काढलीस, तिची घडी केलीस, चेंडूवर ठेवलीस आणि उघडा मैदानाबाहेर चालत गेलास. मागे वळून बघितलं नाहीस म्हणून तुला माहीत नसेल, तू फाटकाबाहेर जाईपर्यंत ओरडणं थांबलं नव्हतं. मग दुसऱ्या कोणी तरी पेनल्टी मारली, गोल झाला, लोक नाचायला लागले. मी घरी आले.

आणि रात्री गाठोड्यात अकरा जर्स्या आल्या. जिंकण्याच्या नादात मुलांनी तुझीही त्यात कोंबली, कोणाला भान नव्हतं. बादलीत बुडवताना मला कळलं, अकरावी तुझी. मी ती हातात धरून मोरीत बसून राहिले. तोच चिखल, तोच घामाचा वास, जसा माझ्या धाकूच्या जर्सीला यायचा. आठ वर्षांनी मी रडले, गुणाजी. कोर्टात रडले नव्हते, सगळे बघत होते म्हणून. मग ती धुतली. काखेतला जुना साबणही काढला.

काल नाना आले. म्हणाले, “वहिनी, तुम्ही दोन ओळी लिवा ना त्याला, की मी माफ केलं, ये खेळायला. तुम्ही माफ केलंत म्हटल्यावर पब्लिकचं तोंड बंद होईल. पंधरा ऑगस्टला कप आपलाच.” नाना वाईट माणूस नाहीत, पण माझी माफी त्यांना कपासाठी हवी होती. मी म्हटलं, लिहिते. खूश होऊन चहा पिऊन गेले. तर नानांनी सांगितलेलं पत्र हे नाही. फायनल खेळायला ये असं मी तुला लिहिणार नाही. तू गोल मारलास तर हेच लोक तुला डोक्यावर घेतील आणि माझ्या धाकूला विसरतील, चुकलास तर त्याच्या नावाने तुला पुन्हा मारतील. दोन्हीत माझा मुलगा त्यांच्या तोंडात आहे. मला तो तिथून काढायचाय. आणि माफ केलं असंही मी लिहिणार नाही, कारण तसं झालेलं नाही. कधी होईल का, मला ठाऊक नाही.

मी लिहितेय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. कोर्टात तुझ्या वकिलाने तुला तीन-तीनदा विचारलं, तो तुला काय बोलला? आईवरून काही बोलला का? पोराला ‘बोलला’ म्हणायला सांगा, शिक्षा कमी होईल, असं तो शेवंतीला बाहेर समजावत होता, ते मी ऐकलं होतं. आणि तू पिंजऱ्यात उभा राहून म्हणालास, “नाही. तो काहीच बोलला नाही.” तेव्हाच मला कळलं की तू खोटं बोलतोयस. तू हरून सळया वाहतोयस आणि माझा धाकू शेजारून मुकाट्याने चालतोय? चाळीत तुझ्या आईबद्दल तेव्हा काय कुजबुज होती ते मला माहीत आहे. धाकू काय बोलला असेल याचा मला अंदाज आहे. तू ते पोटात ठेवलंस, वर्षं जास्त भोगलीस, आणि माझा मुलगा जगासाठी देवमाणूस झाला. मला देवमाणूस नको रे. त्याचा फोटो भिंतीवर आहे, त्याला मी रोज हार घालते आणि तो मला अनोळखी वाटायला लागलाय. मला माझा तिखट जिभेचा, आगाऊ, वाटभर बडबडणारा पोरगा हवाय, आणि तो आता तुझ्याखेरीज कोणाकडेच नाही. तेव्हा ये. फायनल होऊन जाऊ दे, मग ये. हे कामावर गेले की मी एकटीच असते. तुझी जर्सी धुवून, घडी करून ठेवलीय, ती घेऊन जा, आणि त्या चढावर तो शेवटचं काय बोलला ते मला जसंच्या तसं सांग. वाईट असेल तरी सांग.

तुझी काकी,
धाकूची आई