हाताचा भरवसा

सोमवार, ९ फेब्रुवारी
मला झालेला आनंद माझा आहे की आजाराचा, हे ओळखायचं कसं? डॉक्टरबाईंनी उद्या विचारलं तर काय सांगणार? मला खरंच माहीत नाही.

आज लॅबच्या सरांनी कॅम्पला हो म्हटलं. शीव कोळीवाड्यातल्या दोन बालवाड्या, सगळ्या मुलांचं हिमोग्लोबिन फुकट तपासायचं. मी दिवाळीपासून त्यांच्या मागे लागले होते. संध्याकाळी परळहून लालबागपर्यंत गुणगुणत चालत आले आणि मधेच दचकले. कॉलेजच्या शेवटच्या वर्षीही असंच वाटलं होतं. तेव्हा रात्र रात्र जागून चाळीत मोफत दवाखाना काढायला निघाले होते, हँडबिलंसुद्धा छापली. मग वॉर्ड. मग त्या सगळ्याचं नाव कळलं, बायपोलर.

आज पोटभर जेवले. झोप येतेय. बोलणं नेहमीच्याच वेगात. म्हणजे आनंद माझाच असावा. बहुतेक.

गोळी घेतली.

गुरुवार, १२ फेब्रु.
उजवा हात थरथरतोय. ट्यूबवर पेशंटचं नाव लिहिताना अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शेजारच्या टेबलावरची रेश्मा म्हणाली, "चहा कमी ढोस गं बाई." हसले.

माझ्या गोळीतल्या लिथियमने थोडी थरथर होते, ती माझ्या ओळखीची आहे. पण सुई धरल्यावर ती कधी आली नव्हती.

लॅबमध्ये कोणालाच माहीत नाही. एप्रिलमध्ये कायम करणार आहेत. आमच्या घरात शिकून पदवी घेतलेली मी पहिली. बाबा गॅसवाल्यालाही थांबवून सांगतात, "मुलगी लॅबमध्ये आहे. रक्त काढते."

गोळी अर्धी केली तर? लिहून टाकते. कागदावर आलं की मनात वाढत नाही.

पूर्ण घेतली.

सोमवार, १६ फेब्रु.
वरळी कोळीवाड्यातल्या एक आजी आल्या होत्या, साखर तपासायला. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. शीर चांगली दिसत होती, तरी पहिल्यांदा चुकले. त्याच बघत होत्या.
"काय गो पोरी, हात कापतंय तुजा. मना बगून घाबरलीस का काय?"
"नाही हो आजी."
"मंग टोच. आमाला रोज काटं लागतान."
दुसऱ्यांदाही चुकले. तिसऱ्यांदा रेश्माला बोलावलं. हात काळानिळा झाला. जाताना आजींनी माझीच हनुवटी धरली. "उपाशी नको येत जाव कामाला." लायनीतले सगळे हसले. मला हसता आलं नाही. दोष सुईचा नव्हता, आजींच्या शिरेचाही नव्हता.

दुपारी जिन्यात जाऊन डॉक्टरबाईंना फोन. उलटी? तोल जातो? जुलाब? नाही. पाणी कमी पितेस? नाही. दुसरं कुठलं औषध, दुखण्यावरची गोळी? नाही. खाण्यात काही बदल? नाही. "तरी लगेच लिथियमची पातळी बघून घे. वाट बघू नकोस."
हो म्हटलं. पण आमच्याच लॅबमधून नमुना बाहेर पाठवायचा, तर ट्यूबवर माझं नाव आणि खाली तपासणीचं. ते वाचायला रेश्माला चष्मा लागणार नाही.

मंगळवार, १७ फेब्रु.
आज पेडवे माशांचं कालवण. बाबांनी पहिला घास घेतला आणि वाटी लांब सारली.
"ह्या कालवण काय पेडव्यांचा आंघोळीचा पानी?"
आई: "गप जेवा. बीपी वाढलो तुमचो. मीठ सोडलंय घरातला."
"माझा वाढलो. तिका कित्याक अळणी?"
"दोन-दोन टोपां मी ठेवू? एका घराचा एकच जेवाण."

माझा हात ताटातच थांबला. विचारलं, कधीपासून? जानेवारीत बाबांना तपासून आणलं तेव्हापासून. मीठ निम्म्याहून कमी. सुकट, खारा बोंबील, पापड, लोणचं, सगळं गोणपाटात बांधून माळ्यावर. आणि मी रोज डब्यात रेश्माचं लोणचं मागून खातेय, जिभेला कळतंय, डोक्याला नाही. मीठ एकदम तोडलं की लिथियम अंगात साठतं. हे मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. आणि काल बाईंना सांगितलं, बदल नाही!

आईला समजावलं. ती ओट्याला टेकून उभीच राहिली. "म्हणजे माज्या हातान तुका वीख घातलंय गो?"
तसं नाही गं आई. तसं नाही, असं दहा वेळा म्हटलं. ती भांडी घासत राहिली, घासलेलीच.

बाईंना फोन केला. आजची गोळी घेऊ नको म्हणाल्या. सकाळी आधी रक्त.

बुधवार, १८ फेब्रु.
लॅबला उशिरा येते म्हणून कळवलं. हिंदमाताजवळ एका अनोळखी लॅबमध्ये रक्त दिलं. काढणारी मुलगी माझ्याहून लहान, हात दगडासारखा स्थिर. हेवा वाटला. तिने विचारलं, "पेशंटशी नातं?" म्हटलं, मीच पेशंट.

संध्याकाळी रिपोर्ट. पातळी हवी त्यापेक्षा वर, फार नाही. बाईंनी डोस ठरवून दिला, आठवड्याने पुन्हा रक्त. मीठ नेहमीइतकं, मनाने कमी नाही की जास्त नाही. थरथर उतरायला दिवस लागतील. किती, ते नक्की सांगता येणार नाही म्हणाल्या.

कॅम्प पुढच्या शुक्रवारी.

शनिवार, २१ फेब्रु.
ओट्यावर आता दोन टोपं. बाबा चोरून माझ्या टोपात चमचा घालतात, आई हातावर मारते. घर जरा हलकं झालंय.

हात तसाच. काल स्टीलचा पेला भरून पुढे धरून बघितला. सांडलं.

आईचं एकच: "ताप इलो म्हणान सांग सरांका. कॅम्प झालो की जा. खरा सांगलंस तर लोकांका कळतला, मगे उद्या स्थळ कसा येतला?"
सोपं आहे ते. पण ताप उतरल्यावर? थरथर पुन्हा कधी आलीच, तर पुन्हा ताप? आणि त्या मुलांची एवढीएवढीशी बोटं. कॅम्प माझ्या हट्टाचा, म्हणून काही बोटंही माझ्या हट्टाची होत नाहीत.

दुसऱ्या बाजूने, चार महिने ज्याच्या मागे लागले ते... नको. आज एवढंच.

झोप चांगली.

सोमवार, २३ फेब्रु.
सरांना सांगितलं. बायपोलर हा शब्द उच्चारला, लिथियम हाही उच्चारला, आजींचा हातही सांगितला. म्हटलं, शुक्रवारी टोचायला रेश्मा जाईल. मी नावं लिहीन, मुलांना मांडीवर घेईन, गोष्टी सांगेन. पातळी नीट आली आणि हात स्थिर झाला, की पुन्हा सुई मागेन.

सर पेनाचं टोपण काढत-लावत राहिले.
"आधी का नाही सांगितलंस?"
"भीती वाटली, सर."
"आता नाही वाटत?"
"वाटते."
एप्रिलचं त्यांच्या एकट्याच्या हातात नाही, ट्रस्टींशी बोलावं लागेल, म्हणाले. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. मग म्हणाले, "कॅम्पला गोष्टी कुठल्या सांगणार? मुलं रडणारी असतात." हे हो समजायचं का? माहीत नाही.

निघताना रेश्माने डब्यातली लोणच्याची फोड माझ्याकडे सरकवली. "खा गप."

आईला अजून सांगितलेलं नाही. जेवण झाल्यावर सांगेन.

एक लिहायचं राहिलं. सुया, ट्यूब, रबरी पट्टा, माझा अख्खा ट्रे मी सकाळी आल्याआल्याच रेश्माच्या टेबलावर नेऊन ठेवला होता. सरांच्या केबिनचं दार त्यानंतर वाजवलं.