जयवंताच्या हाताची कातडी

जयवंता,

सासूबाईसंगं मी अमरावतीच्या बजारात चालली. गुराच्या कोठ्याची चावी त्याईच्या कमरेलेच हाय, मनून खिडकीतून दूध अन् भिजवलेले शेंगदाने आत ठेवले. पयले खा.

मांगच्या बजारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईले तुह्या हाताचं, मानेचं सांगतलं. ती मनली, "हा महारोग नाही. नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर राहिलं की कातडी अशी काळी पडते, फुटते. दूध, डाळ, पालेभाजी द्या, सुधारेल."

घरी सांगतलं, तं सासूबाई मनल्या, "भाजी विकाले पिकते. तुले लय पुळका असन तं तूबी जाय कोठ्यात." तुहा नवरा खाली मान घालून जेवत राह्यला.

तवापासून माह्या वाट्याचं दूध तुलेच देऊन राहिली. तुह्या हातावर नवी कातडी येऊन राहिली, म्या पाह्यली.

आता माह्याच मानेवर काळा पट्टा उठला. पदरानं झाकून राहिली, पन किती दिवस झाकनार? तू लवकर बरी होय. मले कोंडतीन तवा भाईर कोनीतरी पायजे.

तुही मोठी जाऊ,
माणिक